बेडकांचं सूक्त: पावसाची आळवणी की पुरोहितांची थट्टा?

ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातलं १०३ वं सूक्त बेडकांचं आहे. ऋषी वसिष्ठ, ऋचा दहा, देवता मंडूक. कोणत्या सूक्ताचा ऋषी कोण, देवता कोण, छंद कुठला याची नोंद ठेवणाऱ्या अनुक्रमणीत इंद्र, अग्नी, वरुण, उषा यांच्याच पंगतीला ‘मण्डूकाः’ हेही नाव येतं. या सूक्तात बेडकांची तुलना कोणाशी केली आहे हे कळलं की पहिल्यांदा वाचणारा थबकतोच. वर्षभर व्रत धरून बसलेले ब्राह्मण, सोमयागात रात्रभर मंत्र म्हणणारे ब्राह्मण, यज्ञाच्या आगीपाशी घामाघूम झालेले अध्वर्यू, यांच्यासारखे हे बेडूक आहेत असं कवी म्हणतो. आणि शेवटी याच बेडकांकडून शेकडो गाई आणि दीर्घ आयुष्याची अपेक्षा करतो.

हे मनापासून लिहिलं असेल का? की तासन्‌तास मंत्र घोकणाऱ्या पुरोहितांची कोणीतरी केलेली ही थट्टा आहे? दीडशे वर्षांहून जास्त काळ अभ्यासक यावर भांडत आले आहेत. मला याचं उत्तर बरंच स्पष्ट दिसतं, आणि ते मी सांगणारच आहे. पण आधी सूक्त वाचू. या वादात मूळ ऋचा बाजूला राहतात आणि ‘वेदांत विनोद असतो का’ एवढ्यावरच माणसं हमरीतुमरीवर येतात.

दहा ऋचांत काय आहे

पहिली ऋचा अशी:

संवत्सरं शशयाना ब्राह्मणा व्रतचारिणः ।
वाचं पर्जन्यजिन्वितां प्र मण्डूका अवादिषुः ॥

व्रत पाळणाऱ्या ब्राह्मणांप्रमाणे वर्षभर निजून राहिलेल्या बेडकांनी, पर्जन्यानं चेतवलेली वाणी उच्चारली. पर्जन्य म्हणजे इथं नुसता पाऊस नव्हे, पावसाचा देव. बेडकांना बोलतं करणारा तो आहे, हे पहिल्याच ऋचेत सांगून टाकलं आहे.

दुसऱ्या ऋचेत कोरड्या तळ्यात पडलेला बेडूक दिसतो, वाळलेल्या पखालीसारखा. चामड्याची पखाल पाणी संपल्यावर कशी आक्रसून, सुरकुतून पडते, ते ज्यानं पाहिलं आहे त्यालाच ही उपमा सुचेल. त्या वाळक्या देहावर आकाशातलं पाणी पडतं आणि वासरं असलेल्या गाई हंबराव्यात तसा बेडकांचा आवाज एकवटून येतो. तिसऱ्या-चौथ्या ऋचेत पावसानं आनंदलेले बेडूक एकमेकांकडे जातात, मुलगा बापाकडे जावा तसे. एक दुसऱ्याला धरतो. ठिपक्यांचा बेडूक हिरवट-पिवळ्या बेडकाच्या आवाजात आपला आवाज मिसळतो.

पाचवी ऋचा मला सर्वांत लाडकी आहे. एक बेडूक दुसऱ्याचं बोलणं असं पुन्हा म्हणतो, जसा शिकणारा शिकवणाऱ्याचं म्हणतो. वेदपाठशाळेत संथा कशी चालते हे ज्यांनी ऐकलं आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. गुरुजी एकदा म्हणतात, मुलं दोनदा म्हणतात, पुन्हा गुरुजी, पुन्हा मुलं. पावसाळी रात्री डबक्याच्या एका टोकाला एक बेडूक ‘डराव’ करतो आणि दुसऱ्या टोकाकडून उत्तर येतं, त्याची लयही तीच. ज्या काळी वेद लिहिलेला नव्हता, केवळ तोंडी चालत होता, त्या काळच्या माणसानं आपल्या शिकण्याचं केलेलं हे वर्णन आहे. वेदाध्ययनाच्या पद्धतीचा हा फार जुना उल्लेख, आणि तो आलाय बेडकांच्या निमित्तानं.

सहाव्या ऋचेत प्रकार सांगितले आहेत. कोणी गाईसारखा हंबरतो, कोणी बोकडासारखा ओरडतो, कोणी ठिपक्यांचा, कोणी हिरवा. नाव एक, रूपं वेगळी. सातवीत अतिरात्र यज्ञ येतो. हा सोमयाग रात्रभर चालतो, भरलेल्या सोमपात्राभोवती ऋत्विज, म्हणजे यज्ञातले पुरोहित, बसतात आणि एकामागून एक स्तोत्रं म्हणतात. तसेच तुम्ही भरलेल्या तळ्याभोवती बसून वर्षातला तो दिवस साजरा करता, पावसाळा सुरू होतो तो दिवस, असं कवी बेडकांना उद्देशून म्हणतो. आठवीत ‘घर्म’ म्हणजे तापवलेलं दुधाचं भांडं घेऊन घामाघूम झालेले अध्वर्यू आहेत. बेडूक त्यांच्यासारखे लपलेल्या जागेतून प्रकट होतात. नववीत म्हटलं आहे की हे बेडूक बारा महिन्यांच्या वर्षाचा दैवी नेम राखतात, ऋतू चुकवत नाहीत.

शेवटची ऋचा मागणीची. गाईसारख्या आवाजाच्यानं दिलं, बोकडासारख्या आवाजाच्यानं दिलं, ठिपक्यांच्यानं दिलं, हिरव्यानं आम्हाला धन दिलं. बेडूक शेकडो गाई देत, सहस्रसावात, म्हणजे हजारपट सोम पिळण्याच्या वेळी, आमचं आयुष्य वाढवत आहेत.

थट्टेचा पक्ष

१८५९ साली माक्स म्युलर यांनी प्राचीन संस्कृत साहित्याचा इतिहास लिहिला. म्युलर तेव्हा ऑक्सफर्डला होते आणि सायणभाष्यासह ऋग्वेद छापण्याचं त्यांचं प्रचंड काम चालू होतं. त्या पुस्तकात त्यांनी या सूक्ताबद्दल निःशंकपणे लिहिलं की वरकरणी ही बेडकांची स्तुती असली तरी हे उघडच पुरोहितांवरचं व्यंग आहे. पुढे त्यांनी ग्रीकांची आठवणही काढली. ग्रीकांच्या आरंभीच्या व्यंगकवीनं होमरच्या वीरांची टर उडवायला जो प्राणी निवडला, तोच वैदिक व्यंगकवीनं पुरोहितांसाठी निवडावा याचं त्यांना कुतूहल वाटलं.

म्युलर यांचं म्हणणं झटकून टाकण्यासारखं नाही. त्यांच्या बाजूनं बरंच काही आहे. दहा ऋचांत ब्राह्मणांशी तुलना पुन्हा पुन्हा येते, एकदाच सहज आलेली नाही. घामाचा तपशील आहे. पाठांतराचं वर्णन तर असं आहे की ऐकणाऱ्याच्या ओठांवर हसू यावंच. आणि शेवटची ऋचा दानस्तुतीच्या वळणाची आहे. ऋग्वेदात काही सूक्तांच्या शेवटी कवी आपल्या यजमान राजाची दानस्तुती करतो, अमुक राजानं इतक्या गाई दिल्या, इतके घोडे दिले. इथं राजाच्या जागी बेडूक आहेत. राजसभेत मोठमोठी दानं वर्णन करणाऱ्या कवींना तो चिमटा असू शकतो असं कोणालाही वाटेल.

आणखी एक गोष्ट. ऋग्वेदाची दुसऱ्यापासून सातव्यापर्यंतची मंडलं ठरावीक पद्धतीनं लावलेली आहेत, एका देवतेची सूक्तं एकत्र आणि त्यांत मोठ्याकडून लहानाकडे. सातव्या मंडलाच्या शेवटाकडे पर्जन्याची दोन सूक्तं आहेत, १०१ वं सहा ऋचांचं आणि १०२ वं तीन ऋचांचं. त्यानंतर एकदम दहा ऋचांचं मंडूकसूक्त आणि मग पंचवीस ऋचांचं १०४ वं. क्रम इथं मोडतो. त्यामुळे ही शेवटची दोन सूक्तं मागाहून जोडली असावीत असं अभ्यासक मानतात. कोणीतरी मागाहून घुसवलेलं चेष्टेचं कवन, असा तर्क त्यावरून करता येतो.

पण ज्यानं ते जोडलं त्यानं ते पर्जन्यसूक्तांना लागूनच ठेवलं.

बेडूक आणि पाणी

एखादा जुना मजकूर गंभीर आहे की उपहासाचा, हे ठरवताना पहिला प्रश्न आपल्याला हसू येतं का हा नसावा. हसू येणं आपल्या काळावर, सवयींवर अवलंबून असतं. त्या लोकांनी त्या मजकुराचं काय केलं, तो कुठं वापरला, हे आधी बघायला हवं. आणि इथं आपलं नशीब चांगलं आहे, कारण पुरावा भरपूर आहे.

यास्काचार्यांचं निरुक्त हा वैदिक शब्दांचा अर्थ लावणारा सर्वांत जुना उपलब्ध ग्रंथ. बुद्धाच्या काळाच्या आसपासचा म्हणा. त्यात या सूक्ताची कथा एका ओळीत दिली आहे: पाऊस हवा म्हणून वसिष्ठानं पर्जन्याची स्तुती केली, बेडकांनी तिला दुजोरा दिला, तेव्हा दुजोरा देणाऱ्या बेडकांना पाहून वसिष्ठानं त्यांचीही स्तुती केली. ‘वसिष्ठो वर्षकामः’ हे यास्काचे शब्द आहेत. थट्टेचा मागमूस नाही.

अथर्ववेदाच्या चौथ्या कांडातलं पंधरावं सूक्त बघा. ते सरळसरळ पाऊस पाडण्यासाठी आहे. ढगांनो या, वाऱ्यांनो या, मरुतांनो गर्जा, असं म्हणत म्हणत ते शेवटाकडे बेडकांवर येतं. आणि तिथं आपली ओळखीची ऋचा भेटते, ‘संवत्सरं शशयाना’, जशीच्या तशी. लगेच पुढे बेडकीला हाक आहे: हे मंडूकी, बोल, हे तादुरी, पावसाला बोलाव, चारही पाय पसरून डोहाच्या मधोमध पोह. अथर्ववेदाचे विधी सांगणाऱ्या कौशिकसूत्रात या सूक्ताचा विनियोग, म्हणजे वापर, पावसाच्या विधीतच सांगितला आहे. दुष्काळात पाऊस मागायला बसलेला माणूस त्या विधीत आपल्याच पुरोहितांची खिल्ली उडवणारी ऋचा कशाला घेईल?

बेडकाकडे वैदिक लोक कसं बघत होते हे आणखी दोन ठिकाणी दिसतं, आणि ती दोन्ही हसण्याची ठिकाणं नव्हेत. दहाव्या मंडलातलं १६ वं सूक्त अंत्यसंस्काराचं आहे. त्याच्या शेवटच्या ऋचेत, चिता जळून गेल्यावर त्या जागेला गारवा यावा म्हणून थंड वनस्पतीला आणि तिच्याबरोबर बेडकीला आवाहन केलं आहे. दुसरं अग्निचयनातलं. विटांची मोठी वेदी रचून झाली की बेडूक, अवका ही पाणवनस्पती आणि वेताची फांदी बांबूला बांधून वेदीवरून फिरवायची, अग्नीचा दाह शांत व्हावा म्हणून. बेडूक म्हणजे पाणी, गारवा, जीव परत येणं. ज्या समाजाच्या प्रेतसंस्कारात बेडकीला हाक मारली जाते, त्या समाजात बेडकाशी तुलना म्हणजे आपोआप अपमान, हे गृहीत धरता येत नाही. ‘बेडूक म्हणजे क्षुद्र, बेढब, हास्यास्पद’ ही कल्पना आपण ‘कूपमंडूक’ असल्या शब्दांतून आणि इसापनीतीतून घेऊन आलो आहोत. वसिष्ठांच्या सूक्तात ती शोधू नये.

या वादाचा एक धागा थेट पुण्याला येतो. मार्टिन हौग हे जर्मन पंडित १८५९ ते १८६६ या काळात पुण्याच्या सरकारी कॉलेजात संस्कृत अध्ययनाचे प्रमुख होते. म्युलर कधीच भारतात आले नाहीत. हौग मात्र इथल्या वैदिकांमध्ये वावरले, यज्ञविधी त्यांनी जाणत्यांकडून समजून घेतले. मायदेशी परतल्यावर, १८७१ मध्ये, त्यांनी या सूक्ताबद्दल जे सांगितलं ते असं: मोठा दुष्काळ पडला आणि पावसाची आस लागली की वीस-तीस ब्राह्मण नदीवर जातात आणि पर्जन्यसूक्त व हे मंडूकसूक्त म्हणतात, पाऊस यावा म्हणून. एकाच पिढीतले दोन जर्मन पंडित, एक ऑक्सफर्डच्या टेबलावर सूक्त वाचतोय, दुसऱ्याला ते सूक्त कशासाठी म्हटलं जातं हे ठाऊक आहे. पुढे १८९६ मध्ये अमेरिकेतले अथर्ववेदाचे अभ्यासक मॉरिस ब्लूमफील्ड यांनी या सूक्तावर स्वतंत्र लेख लिहिला आणि हे पर्जन्यविधीचं सूक्त आहे हे अथर्ववेदाच्या पुराव्यानिशी मांडलं. तेव्हापासून व्यंगाचा पक्ष हळूहळू मागे पडला.

बेडूक आणि पाऊस यांची सांगड आपल्याकडे अजून पुसलेली नाही. विदर्भ-मराठवाड्यात पावसानं ओढ दिली की पोरं कडुलिंबाचा पाला बांधून ‘धोंडी धोंडी पाणी दे’ म्हणत दारोदार फिरतात, आयाबाया त्यांच्या अंगावर पाणी ओततात. काही गावांत मुसळाला बेडूक बांधून ते खांद्यावर घेतात. ही प्रथा वेदातूनच आली असं मी म्हणत नाही, लोकांच्या चालीरीतींना ग्रंथांची गरज नसते. पण धोंडी मागणाऱ्या घरात कोणी म्हातारी त्या बेडकावर पाणी घालताना हात जोडते, तेव्हा ती चेष्टा करत नसते. आणि ती पोरं मजेत असतात, हेही तितकंच खरं.

मग त्यातल्या हसण्याचं काय?

इथवर वाचून कोणी म्हणेल, ठरलं तर, सूक्त गंभीर, विषय संपला. मला तसं वाटत नाही. सूक्तात गंमत आहे आणि ती कवीला माहीत आहे. पाचव्या ऋचेतला शिष्य आणि आठवीतले घामेजलेले अध्वर्यू हे लिहिताना कवीच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं असं मानायला मी तयार नाही. पण हसू आणि उपहास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उपहासाला एखादा दोष लागतो. ढोंग, लोभ, आळस, खादाडपणा, काहीतरी. या दहा ऋचांत बेडकांचा, म्हणजेच त्यांच्याशी जोडलेल्या ब्राह्मणांचा, एक तरी दोष सांगितला आहे का ते शोधून बघा. सापडत नाही. ते व्रत पाळतात. ते चांगलं बोलतात, मूळ शब्द ‘सुवाचः’ असा आहे. ते नेम राखतात. ऋतू मोडत नाहीत. जी थट्टा ज्याची करायची त्याला एकही नाव ठेवत नाही, ती थट्टा कसली?

ऋग्वेदातला खरा चिमटा कसा असतो ते पाहायचं असेल तर नवव्या मंडलातलं ११२ वं सूक्त वाचा. आमची डोकी नाना प्रकारची, माणसांचे धंदे नाना प्रकारचे, असं म्हणून कवी सांगतो: सुताराला मोडलेलं काही हवं असतं, वैद्याला दुखणाईत हवा असतो, आणि ब्राह्मणाला सोमरस काढणारा यजमान. बस, तीन टोले. वैद्य जसा लोकांच्या दुखण्याची वाट बघतो तसा पुरोहित यजमानाची, हे एका ओळीत लागलं. पुढे तोच कवी स्वतःच्या घरावर येतो: मी कवी, बाप वैद्य, आई जात्यावर दळणारी, सगळे पैशामागे, आपापल्या वाटेनं. इथं लोभ उघड आहे, ज्याला लागायचं त्याला लागतं, आणि कवीनं स्वतःलाही सोडलेलं नाही. गंमत म्हणजे या सूक्ताच्या शेवटच्या ऋचेतही बेडूक आहे, त्याला हवं असतं पाणी. म्हणजे वैदिक कवींना पुरोहितांवर बोलायचं असलं की ते बोलत होते, आणि ते बोलणं संहितेत टिकूनही राहिलं. मंडूकसूक्ताचा सूर त्या शेजारी ठेवला की फरक कानाला कळतो.

बेडकांकडे कवीनं किती बारकाईनं पाहिलं होतं हेही इथं मोलाचं आहे. भारतात सर्वत्र आढळणारा मोठा सोनबेडूक कोरड्या दिवसांत जमिनीखाली गाडून घेतो. पहिल्या मोठ्या पावसानंतर तो बाहेर येतो, आणि एरवी मातकट-हिरवा असणारा नर विणीच्या काळात लख्ख पिवळा होतो. नर ओरडतात, माद्या जमतात, नर मादीला मागून घट्ट धरतो. ‘एक दुसऱ्याला धरतो’ ही चौथी ऋचा आता पुन्हा वाचा. अमेरिकन वेदाभ्यासक स्टेफनी जेमिसन यांनी नेमकं हेच दाखवलं, आणि त्यांचा तो लेख छापून आला पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेच्या वार्षिकात. त्यांच्या मते या सूक्ताच्या गाभ्याशी बेडकांचं मीलन आहे. पाऊस पडताच रातोरात शेकडो जीव जमतात, जोडतात आणि डबकं अंड्यांनी भरून जातं. शेवटच्या ऋचेत बेडकांकडे शेकडो गाई आणि वाढतं आयुष्य का मागावं, हे कोडं त्यामुळे सुटतं. ज्याची प्रजा एका रात्रीत हजारांनी वाढते, त्याच्याकडे समृद्धी मागण्यात काय विचित्र आहे? गुराख्यांच्या त्या समाजाचं सगळं पावसावर होतं. पाऊस आला तर गवत, गवत आलं तर गाई.

आणि आवाजाचं म्हणाल, तर वैदिक ऋषीसाठी योग्य वेळी, योग्य स्वरात उच्चारलेल्या वाणीत जग चालवण्याची ताकद होती. बेडूक बोलतात आणि पाऊस येतो. ब्राह्मण बोलतात आणि यज्ञ फळतो. ही तुलना बेडकाला वर नेते आणि ब्राह्मणाला खाली आणत नाही. आपल्याला मराठी माणसांना हे समजायला जड जाऊ नये. एकनाथांच्या भारुडांत लोक पोट धरून हसतात आणि त्याच श्वासात विठ्ठलाचं नाव घेतात, तिथं कोणी विचारत नाही की हे खरं की चेष्टा.

भुंकणारा उद्गीथ

याच जातीचं दुसरं एक कोडं छांदोग्य उपनिषदात आहे, आणि ते बेडकांपेक्षा अवघड आहे. पहिल्या अध्यायाच्या बाराव्या खंडाची सुरुवातच होते ‘अथातः शौव उद्गीथः’, आता कुत्र्यांचा उद्गीथ. उद्गीथ म्हणजे सामगानाचा मुख्य भाग, ओंकारानं सुरू होणारा. बक दाल्भ्य नावाचा ऋषी (त्याचंच दुसरं नाव ग्लाव मैत्रेय) स्वाध्यायासाठी बाहेर पडतो. त्याच्यासमोर एक पांढरा कुत्रा प्रकटतो. बाकीचे कुत्रे त्याच्याभोवती जमून म्हणतात, महाराज, आमच्यासाठी गाऊन अन्न मिळवा, आम्हाला भूक लागली आहे. तो म्हणतो, उद्या सकाळी इथंच या. सकाळी ते येतात, सोमयागात बहिष्पवमान स्तोत्राला जाताना ऋत्विज एकमेकांना धरून रांगेनं सरकतात तसे सरकतात, बसतात, हिंकार, म्हणजे ‘हिं’ असा उच्चार, करतात आणि गातात: ओम्, आम्ही खाऊ, ओम्, आम्ही पिऊ, देव वरुण, प्रजापती, सविता इथं अन्न आणो, हे अन्नपते, इथं अन्न आण, आण, ओम्.

राधाकृष्णन यांनी १९२३ मध्ये आपल्या भारतीय तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात याला पुरोहितशाहीवरचा उपहास मानलं, आणि पुष्कळ लोक आजही तसंच शिकवतात. दुसरीकडे शंकराचार्यांनी भाष्यात हे पूर्ण गंभीरपणे घेतलं: ऋषीच्या स्वाध्यायानं संतुष्ट झालेली देवता किंवा ऋषी कुत्र्याच्या रूपानं आली, किंवा पांढरा कुत्रा म्हणजे मुख्य प्राण आणि बाकीचे म्हणजे वाणी वगैरे इंद्रियं. एक लक्षात ठेवा, कुत्रे एकमेकांची शेपटी तोंडात धरून चालतात हे जे चित्र सगळे रंगवतात, ते मूळ उपनिषदात नाही. ते शंकराचार्यांच्या भाष्यातलं स्पष्टीकरण आहे. म्हणजे या प्रसंगातलं सर्वांत विनोदी चित्र ज्यांनी दिलं, त्यांनी तो प्रसंग विनोदी मानलाच नव्हता.

इथं उपहासाचा पक्ष बेडकांच्या सूक्तापेक्षा बळकट आहे, हे मी मान्य करतो. यज्ञातली मिरवणूक नेमकी ओळखू येईल अशी रेखली आहे, आणि गाण्याचे शब्द खाण्यापिण्याचे आहेत. पण हा खंड सुटा काढून वाचला तरच तो पक्ष टिकतो. त्याच्या आधीचे दोन खंड बघा. गारपिटीनं कुरुदेशाची पिकं झोडपून निघाली आहेत. उषस्ति चाक्रायण हा विद्वान आपल्या बायकोसह, आटिकीसह, अन्नान्न दशा होऊन एका सधन माणसाच्या गावात राहिला आहे. तो माणूस कुल्माष, म्हणजे हलक्या धान्याच्या घुगऱ्या, खात बसलेला दिसतो. उषस्ति मागतो. तो म्हणतो, माझ्या ताटातल्या उष्ट्याशिवाय काही नाही. उषस्ति म्हणतो, त्यातलंच दे, आणि उष्टं खातो. उष्टं पाणी मात्र नाकारतो: हे खाल्लं नसतं तर मी जगलो नसतो, पाणी मला हवं तिथं मिळेल. उरलेलं बायकोसाठी नेतो. ती ते जपून ठेवते, दुसऱ्या सकाळी तेच शिळं उष्टं खाऊन तो राजाच्या यज्ञात जातो आणि तिथल्या ऋत्विजांना विचारतो, तुम्ही गाता त्या भागांच्या देवता तरी कोण ते माहीत आहे का? प्रस्ताव, उद्गीथ आणि प्रतिहार हे सामगानाचे भाग. उत्तर तोच देतो: प्रस्तावाची देवता प्राण, उद्गीथाची आदित्य, आणि प्रतिहाराची अन्न. शेवटचं उत्तर देताना तो म्हणतो की हे सगळे जीव अन्न घेऊनच जगतात.

‘सर्वाणि भूतानि’, सगळे जीव, असे त्याचे शब्द आहेत. पुढचंच वाक्य आहे, आता कुत्र्यांचा उद्गीथ. आणि त्यानंतरच्या तेराव्या खंडात ‘हाउ’, ‘हाइ’ अशा सामगानातल्या अक्षरांचं चिंतन पूर्ववत चालू होतं, जणू मध्ये काही वेगळं घडलंच नाही. दुष्काळात उष्ट्या घुगऱ्यांवर जगलेल्या विद्वानाच्या गोष्टीनंतर भुकेली कुत्री अन्नासाठी तेच गाणं गातात, तेव्हा ती ऋत्विजांची नक्कल करतात असं म्हणण्यापेक्षा, उषस्तीच्या वाक्याचा दाखला म्हणून ती तिथं उभी आहेत हे वाचन मला अधिक पटतं.